रंकाळा व शिवाजी पेठ : एका तळ्याकांठच्या वस्तीचा इतिहास

१. प्रास्ताविक

नदीकांठच्या नगरांचीं माहात्म्यें लिहिण्याची आपल्याकडे जुनी रूढि आहे. तळ्याकांठच्या वस्त्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. नदी निसर्गानें दिलेली, म्हणून तिचें माहात्म्य मोठें. तळें बहुधा माणसानें खणलेलें, म्हणून तें विहिरीच्या पंक्तीस बसविलें जातें. ऐतिहासिक दृष्टीनें पाहतां न्याय याच्या उलट असावयास पाहिजे. नदीच्या कांठीं मनुष्य येऊन राहतो. तळें मात्र त्यास करावें लागतें, राखावें लागतें, आणि न राखल्यास तें थोड्या पिढ्यांत नाहींसें होतें. म्हणून तळ्याकांठच्या वस्तीचा इतिहास हा पुष्कळ अंशीं त्या वस्तीच्या सार्वजनिक आचरणाचाच इतिहास असतो.

प्रस्तुत लेखांत करवीर नगरींतील रंकाळा तलाव व त्याच्या पूर्वेस पसरलेली शिवाजी पेठ यांच्या आधारें हा विचार मांडण्याचें योजिलें आहे. कोल्हापूर हें उदाहरण मुद्दाम निवडण्याचें कारण असें कीं, कांहीं तळीं बुजलीं आणि एक मोठें तळें राहिलें, हा भेद तेथें एकाच नगरांत शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतो.

२. सहा वस्त्यांचें नगर

कोल्हापूर आज सलग शहर दिसत असलें तरी मूळचें तें एक गांव नव्हे. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा व रावणेश्वर अशा सहा वस्त्या वाढत वाढत एकमेकींस मिळाल्या व त्यांचें हें नगर झालें, अशी माहिती परंपरेनें चालत आली आहे. यांपैकीं पंचगंगेच्या कांठची ब्रह्मपुरी सर्वांत प्राचीन. तेथें इ. स. १९४४-४५ मध्यें प्रा. कुंदनगार यांनीं, आणि १९४५-४६ मध्यें डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं केलेल्या उत्खननांत सातवाहनकालीन वस्ति उजेडांत आली. ग्रीक सागरदेव पोसायडन याची जी कांस्यमूर्ति कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आहे, ती याच टेकडीवरची. इतक्या दूरच्या जलदेवतेस या नगरींत आसरा मिळाला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, सहा नांवांपैकीं रंकाळा व पद्माळा हीं तर तळ्यांचींच नांवें आहेत, आणि रावणेश्वराच्या देवालयाजवळही तळें होतें. म्हणजे सहांतील निम्म्या वस्त्या नदीच्या नव्हेत, तळ्यांच्या आश्रयानें उभ्या राहिल्या. कोल्हापूरचें वर्णन करतांना पंचगंगेचें नांव प्रथम घ्यावें हें योग्यच. परंतु शहराचा संसार चालला तो तळ्यांवर.

३. नांवांचा विचार

'रंकाळा' या नांवाची प्रचलित व्युत्पत्ति 'रंकालय' अशी सांगतात. रंक म्हणजे रंकभैरव, महालक्ष्मीच्या परिवारांतील एक देवता. त्याचें देवालय येथें होतें व तें जलमग्न झालें, म्हणून तलावास रंकाळा म्हणूं लागले, असा या सांगण्याचा आशय. ध्वनिनियमांच्या दृष्टीनें या व्युत्पत्तीस बाध येत नाहीं. संस्कृतांतील दोन स्वरांमधला लकार मराठींत ळकार होतो, हें जल—जळ, फल—फळ, काल—काळ अशा नित्याच्या शब्दांवरून सर्वांस ठाऊक आहे.

तथापि एक गोष्ट विचारांत घेतली पाहिजे. याच नगरांत 'पद्माळा' होता, आणि रंकाळ्यास लागूनच 'परताळा' आहे. एकाच परिसरांतील तीन जलाशयांचीं नांवें एकाच ध्वनीनें संपावीं, हा केवळ योगायोग मानणें कठीण. पद्माळा म्हणजे पद्मांचें आलय, कमळांचें घर, हें उघड आहे. तेथें आलय म्हणजे देवालय नव्हे. त्याच न्यायानें 'आळा' हा या भागांतील तळ्यांच्या नांवांचा रूढ शेवट असावा, आणि जलमग्न देवालयाची कथा ही नांवावरून मागाहून उभी राहिली असावी, असें आम्हांस अधिक संभवनीय वाटतें. देव तळ्यांत बुडाला असो वा तळ्याच्या नांवांतून वर आला असो, वस्तीनें आपलें तळें देवाच्या नांवाशीं बांधून ठेविलें, एवढें मात्र दोन्ही मतांनीं सिद्ध होतें.

नांवावरून भलताच इतिहास कसा तयार होतो, याचें दुसरें उदाहरण शिवाजी पेठेंतच आहे. तेथील फिरंगाईच्या देवालयाचें नांव ऐकून नवख्या मनुष्यास फिरंग्यांची आठवण होते. परंतु क्षेत्रपरंपरेंत ही देवी प्रत्यंगिरा म्हणून ओळखिली जाते. अवघड संस्कृत नांव लोकांच्या जिभेवर घोळत घोळत ओळखीच्या शब्दाचें रूप घेतें, हा सर्व भाषांतला अनुभव आहे.

४. खाण, तळें व राजाश्रय

रंकाळा मुळांत दगडाची खाण होती. आठव्या-नवव्या शतकांत झालेल्या भूकंपानें ती खचून विस्तारली व तींत पाणी भरलें, अशी आख्यायिका आहे. खाणींतील दगड शिलाहार राजा गंडरादित्य याच्या काळीं देवालयांसाठीं काढला गेला, असेंही सांगतात. आख्यायिकेंतील खाणीचा भाग जमिनीकडे पाहतांच पटतो. तलावाचा कांठ काळ्या पाषाणाचा आहे, आणि अगदीं शेजारीं 'इराणी खण' या नांवानें पाण्यानें भरलेली खाण आजही आहे. नगरीचें वैभव असलेलें महालक्ष्मीचें देवालय याच जातीच्या काळ्या दगडाचें आहे. ज्या भूमीनें घरादेवळांस दगड दिला, तिच्याच पोकळींत पुढें पाणी सांठलें व तें लोकांनीं प्यालें, ही घटना मोठी अर्थपूर्ण आहे.

गंडरादित्याचें नांव तलावाच्या कथेंत येण्यास सबळ कारण आहे. शके १०३२ (इ. स. १११०) च्या तळाले येथील ताम्रपटावरून असें दिसतें कीं, या राजानें मिरज प्रांतांतील इरुकुडी गांवीं 'गंडसमुद्र' नांवाचें तळें बांधविलें आणि त्याच्या कांठीं शिव, बुद्ध व अर्हत् या तिघांचीही स्थापना करून त्यांच्या पूजेसाठीं दानें दिलीं. राजा एक, तळें एक, आणि कांठावर तीन पंथांचे देव! तळें हें कोणा एका पंथाचें नसून सर्वांचें असतें, हा विचार आमच्या या प्रदेशांत नऊशें वर्षांपूर्वीं पाषाणावर व ताम्रपटावर उतरलेला होता, हें यावरून दिसून येतें. पुढें इ. स. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणानें दुसऱ्या भोजाचा पराभव केला व शिलाहारांचें राज्य संपलें. तळीं मात्र राहिलीं.

५. पेठेची वाढ

मराठेशाहींत करवीरच्या गादीचें ठाणें प्रथम पन्हाळ्यास होतें. इ. स. १७१५ मध्यें संभाजी छत्रपतींच्या आज्ञेवरून सिधोजी घोरपडे यांनीं महालक्ष्मीची देवालयांत पुनः स्थापना केली, आणि १७८२ मध्यें राजधानीच पन्हाळ्याहून कोल्हापुरास आली. डोंगरी किल्ल्यावरचें राज्य सपाटीवर आलें कीं त्यास दोन गोष्टी लागतात, तट आणि पाणी. तट बांधला गेला व त्यास वेशी झाल्या. तट आतां बहुतांशीं राहिला नाहीं. बिंदू चौकाजवळ त्याचा अवशेष आहे. वेशींचीं नांवें मात्र अजून लोकांच्या तोंडीं आहेत. त्यांत गंगावेस, रंकाळावेस व वरुणतीर्थवेस हीं नांवें पाहावीं. पश्चिमेकडे बाहेर पडणारा मनुष्य कोणत्या गांवास जातो यापेक्षां कोणत्या पाण्यावर जातो, यावरून वेस ओळखिली जात असे.

शिवाजी पेठ ही देवालय व तलाव यांच्या मधली पेठ होय. एका बाजूस महालक्ष्मी, दुसऱ्या बाजूस रंकाळा. दोन्ही पायीं जाण्याच्या टप्प्यांत. पेठेंतील गल्लीबोळांचीं नांवें वाचलीं तर तिचा दिनक्रमच डोळ्यांपुढें उभा राहतो. 'संध्यामठ गल्ली' ही तलावांतील दगडी संध्यामठाकडे नेते. हा मंडप पाणी चढलें म्हणजे त्यांत बुडतो व उतरलें म्हणजे उघडा पडतो. तेथें बसून ब्राह्मण संध्या करीत, असें नांवच सांगतें. 'धुण्याची चावी' या नांवावरून धुण्यासाठीं तोटीच्या पाण्याची वेगळी सोय होती, हें कळतें. उभा मारुती चौक, फिरंगाई, तलावाजवळचा जाऊळाचा गणपति, हे वस्तीचे देव. यांच्या जोडीस तालमी. कोल्हापुरांत तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा हौदा नव्हे. उत्सव, तंटा, मदत, वर्गणी या सर्वांचें तें घर आहे. राजर्षि शाहू छत्रपतींच्या उत्तेजनानें मल्लविद्येस जो बहर आला व इ. स. १९१२ मध्यें खासबाग मैदान पूर्ण झालें, त्याचीं मुळें पेठेपेठेच्या अशा तालमींत होतीं. आज त्याच तालमींच्या नांवानें फुटबॉलचे संघ खेळतात, आणि शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ ही चुरस सर्व शहरास ठाऊक आहे.

अशा ठिकाणीं राहण्याची ओढ कां वाटते, याचें उत्तर कठीण नाहीं. दाट वस्तीस मोकळें अंगण हवें असतें. तलावाचा परीघ सुमारें साडेचार किलोमीटर. एवढें अंगण कोणत्याही वाड्यास नसतें. तलाव पश्चिमेस असल्यामुळें संध्याकाळचा वारा पाण्यावरून पेठेंत येतो, आणि सूर्यास्त पाण्यांत दिसतो. शिवाय हें अंगण कोणाच्या मालकीचें नाहीं. राजघाटाच्या पायऱ्यांवर वकील, तालमींतला पोर, भाजीवाली व पेन्शनर एकाच रांगेंत बसतात. घर लहान असलें तरी मनुष्यास आपण मोठ्या जागेंत राहतों असें वाटतें, तें या सामाईक अंगणामुळें. तलावाकांठच्या नंदीविषयीं वडील माणसें मुलांस सांगतात कीं, तो रोज गव्हाभर पुढें सरकतो व तांदळाभर मागें येतो. तो महालक्ष्मीपाशीं पोंचला कीं प्रलय होईल. कथा मुलांसाठीं आहे. पण देवालय व तलाव यांमधलें अंतर ज्या वस्तीनें आपल्या काळाचें माप मानलें, तिचें मन त्या कथेंत दिसतें.

६. तळें कोणाचें? शास्त्र व व्यवहार

या सामाईकपणाचें मूळ आमच्या धर्मशास्त्रांत स्पष्ट आहे. विहीर, तळें, बाग, देवालय यांच्या निर्मितीस शास्त्रकारांनीं 'पूर्त' असें नांव दिलें. तळें बांधून झाल्यावर कर्त्यानें त्याचा विधिपूर्वक 'उत्सर्ग' करावयाचा, म्हणजे त्यावरील स्वामित्व सोडून तें सर्व भूतांसाठीं मोकळें करावयाचें. नीलकंठभट्टाचा उत्सर्गमयूख हा ग्रंथ याच विषयास वाहिलेला आहे. तळ्याच्या रक्षणासंबंधानेंही शास्त्र मुकें नाहीं. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत पाण्यांत मलमूत्र व थुंकी टाकण्याचा निषेध आहे, आणि नवव्या अध्यायांत तळें फोडणाऱ्यास कठोर दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत तर असा नियम आहे कीं, दुसऱ्याच्या जलाशयांत स्नान करावयाचें असल्यास आधीं मातीचे पांच गोळे बाहेर काढावे. याचें कारण ग्रंथकार पापपुण्याच्या भाषेंत देतात. तळ्याच्या धन्याचें पाप स्नान करणारास लागूं नये म्हणून. परंतु व्यवहारांतील फळ पाहिलें पाहिजे. शेंकडों माणसांनीं रोज पांच गोळे काढले तर तळ्यांत गाळ सांठणार नाहीं. उपभोग घेणारानें घेण्यापूर्वीं कांहीं केलें पाहिजे, हें या नियमाचें सार होय.

परंतु शास्त्रानें 'सर्व भूतांसाठीं' म्हटलेलें पाणी व्यवहारांत सर्व माणसांस मिळत नव्हतें, हेंही येथें स्वच्छ सांगितलें पाहिजे. पशुपक्ष्यांस जें पाणी मोकळें, तें अस्पृश्य म्हटलेल्या माणसांस बंद, असा विपरीत न्याय शतकानुशतकें चालला. इ. स. १९१९ मध्यें शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत हुकूम काढून सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने वगैरे ठिकाणीं अस्पृश्यता पाळूं नये असें ठरविलें. पुढें २० मार्च १९२७ रोजीं महाडास डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी घेऊन तोच हक्क लोकांच्या बळावर सिद्ध केला. तळ्याचा खरा उत्सर्ग मंत्रांनीं झाला नाहीं. तो या हुकुमानें व या सत्याग्रहानें पुरा झाला, असें आमचें मत आहे.

७. बुजलेलीं तळीं

आतां दुसरी बाजू पाहूं. शिवाजी पेठेंतच फिरंगाईजवळ वरुणतीर्थ नांवाचें तळें होतें. आज तें गांधी मैदान आहे. कपिलतीर्थाच्या जागीं भाजी मंडई भरते, आणि मंडईंत ग्रामदैवत कपिलेश्वर उभा आहे. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागीं शाहू स्टेडियम आहे. पद्माळा केवळ नांवानें उरला. कोटितीर्थ मात्र राहिलें.

हीं तळीं कां गेलीं? लोक दुष्ट झाले म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कळंबा तलाव झाला, त्याचें पाणी नळानें 'पाण्याचा खजिना' येथें येऊं लागलें व तेथून शहरास मिळूं लागलें. इ. स. १८५४ मध्यें स्थापन झालेल्या नगरपालिकेच्या हातीं आरोग्याची जबाबदारी होती, आणि वस्तीच्या मध्यें सांचलेलें पाणी म्हणजे हिंवतापाचें घर, हें तेव्हांच्या वैद्यकाचें मत निराधार नव्हतें. घरांत तोटी आल्यावर तळ्याचा गाळ काढण्याची गरज कोणास उरली नाहीं. गाळ न काढलेलें तळें डबकें झालें. आणि डबकें बुजविणें हें पुण्यकर्म ठरलें. याप्रमाणें तळें मरतें तें बुजविण्याच्या दिवशीं नव्हे, तर तें राखण्याची संवय सुटते त्या दिवशीं. पाणी मात्र आपली जागा विसरत नाहीं. पावसाळ्यांत गांधी मैदानावर पाणी सांचतें, तेव्हां वरुणतीर्थ आपला ताबा पुनः सांगत आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

८. रंकाळ्याचें नवें जीवन

रंकाळा वांचला याचें पहिलें कारण त्याचा विस्तार. एवढी खाण भरून काढणें सोपें नव्हतें. दुसरें कारण असें कीं, पिण्याच्या पाण्याचें काम कमी होत असतांना त्यास शोभेचें काम मिळालें. शाहू छत्रपतींच्या आश्रयास असलेले चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यु इ. स. १९३१) कोटितीर्थाच्या परिसरांत राहिले व त्यांनीं रंकाळा व संध्यामठ यांचीं दृश्यें रंगविलीं. पाणी भरावयास जाणारांच्या नजरेंतला तलाव त्यांच्या कुंचल्यानें पाहावयास जाणारांचा केला. पश्चिम कांठावर इ. स. १९३१ ते १९३४ या काळांत शालिनी पॅलेस उभा राहिला. पुढें १९८७ पासून कांहीं वर्षें तेथें हॉटेल होतें. याच कांठीं शालिनी सिनेटोन ही चित्रसंस्था निघाली, आणि बाबुराव पेंटर यांचा 'उषा' (१९३५) व बोलपट 'सावकारी पाश' (१९३६) तिच्याकडून निघाले. पुढें तलावाकांठीं बागा झाल्या, चौपाटी झाली, आणि शहराबाहेरचा पाहुणाही अंबाबाईच्या दर्शनानंतर रंकाळ्यावर जाऊं लागला.

परंतु या नव्या जीवनांत एक धोका लपलेला आहे, आणि तो सांगणें हा या लेखाचा मुख्य हेतु आहे. पिण्याचें पाणी बिघडलें तर घरोघर त्याच दिवशीं कळतें व ओरड होते. शोभेचें पाणी बिघडलें तर बराच काळ कांहींच कळत नाहीं. सूर्यास्त घाण पाण्यांतही सुंदर दिसतो. भोंवतालीं वसाहती वाढल्या, शाम सोसायटीच्या नाल्यासारखे सांडपाण्याचे ओघ तलावाकडे वळले, जनावरें व कपडे धुणें पाण्यांतच चाललें. आणि हिरवट शेवाळ व केंदाळ पसरून दुर्गंधि आली तेव्हां कोठें शहर जागें झालें. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेंत रंकाळ्याचा समावेश झाला, नाले वळविण्याचीं कामें झालीं, नागरिकांनीं केंदाळ काढण्यासाठीं श्रमदान केलें. अलीकडील वर्षांत गणेशविसर्जन शेजारच्या इराणी खणींत करण्याची प्रथा रूढ होत आहे, हा लोकांच्या समजुतीचा मोठा विजय होय. देवाच्या मूर्तीस मार्ग बदलावयास लावणें सोपें नसतें. पेठांनीं व तालमींनीं तें मनावर घेतलें म्हणूनच तें घडलें.

९. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. तळ्याकांठची वस्ति रम्य असते ती पाण्यामुळें, हें अर्धेंच सत्य होय. ज्या पाण्यावर सर्वांचा हक्क आणि ज्याचें ओझेंही सर्वांवर, तें पाणी वस्तीस एकत्र बांधतें; त्या बांधणीस आम्ही रम्यता म्हणतों. वरुणतीर्थाच्या कांठींही लोक राहत होते, आणि त्यांसही तें प्रियच असलें पाहिजे. प्रेम होतें, काम सुटलें. रंकाळ्याच्या बाबतींत काम पुनः सुरू झालें आहे. तें सरकारी योजनेच्या मुदतीपुरतें न राहतां पेठेच्या नित्याच्या आचारांत उतरलें पाहिजे.

याज्ञवल्क्यानें सांगितलेले मातीचे पांच गोळे आज कोणी काढीत नाहीं, आणि तसे काढावे असा आमचा आग्रहही नाहीं. परंतु घाटावर वारा खावयास बसणारानें नाल्याचें तोंड कोठें उघडतें याची चौकशी करावी, तालमीनें उत्सवाच्या हिशेबांत तलावाच्या सफाईचें एक कलम ठेवावें, आणि शाळेंतील मुलांस नंदीच्या कथेबरोबर वरुणतीर्थाची हकीकतही सांगावी, एवढें जरी झालें तरी शास्त्रकाराचा हेतु साधेल. संशोधकांनींही कोल्हापूरच्या पेठांतील जुनीं घरदप्तरें पाहतांना पाणवठे, घाट व गाळ काढण्याचा खर्च यांच्या नोंदी वेगळ्या काढून प्रसिद्ध कराव्या, अशी आमची त्यांस विनंति आहे. राजांच्या मोहिमांइतकाच त्यांतूनही या नगरीचा इतिहास वाचतां येईल.